डोक्शाले लागलं, तरी चढाई?

"मातीतला खेळ हाय, लागनच," असं म्हणून गजूभाऊनं विषय मिटवला होता. पण मास्तर ऐकायला तयार नव्हते. मग पानठेल्यावर तासभर तेच चाललं.

विषय रविवारच्या कबड्डीचा. आमच्या दारव्ह्याकडे सोयाबीन निघालं की गावोगाव खुले सामने लागतात. काळ्या मातीवर मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, झालं मैदान. चढाईला गेलेल्या दहावीतल्या पोराला कोपऱ्यावरच्या गड्यानं मांडीत धरून उचललं आणि पोराचं डोकं मागून त्या मुरमावर आपटलं. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला. पोरगं उठून बसलं. "आपले पॉइंट किती झाले?" कोणीतरी सांगितलं. दोन घोट पाणी पिऊन त्यानं परत तेच विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो पुन्हा चढाईला गेला.

"बेशुद्ध तं नाही झालं ना बे? मंग काहाचं टेन्शन? आम्ही काय कमी आपटलो?" गजूभाऊ.

"बेशुद्ध व्हाच लागते, असं कोनं सांगतलं तुले?"

मास्तरांचं खरं आहे. मेंदू कवटीत घट्ट बसलेला नसतो. जोराचा झटका बसला की आतल्या आत हलतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात आणि त्यात बहुतेकदा शुद्ध जातच नाही. डोकं दुखतं, गरगरतं, उजेड नकोसा होतो, माणूस तेच तेच विचारत राहतो. पोरानं दोनदा पॉइंट विचारले, तेव्हाच त्याला बाहेर बसवायला पाहिजे होतं. हे सीटी स्कॅनमध्येही सहसा दिसत नाही, त्यामुळे "स्कॅन नॉर्मल आहे, खेळू द्या" हे मला अजिबात पटत नाही.

"एवढ्यानं कोनी मरते का?" बाळूनं विचारलं.

क्वचित मरतंही, मास्तरांनी सांगितलं. पहिल्या मारातून मेंदू सावरला नसताना दुसरा बसला, तर कोवळ्या वयात तो झपाट्यानं सुजू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली १३ वर्षांचा एक अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू डोकं आपटल्यावर त्याच सामन्यात परत उतरला आणि जन्माचं अपंगत्व घेऊन बसला. त्यानंतर २००९ मध्ये तिथं कायदा झाला: नुसता संशय आला तरी पोरगं बाहेर, आणि जाणकार वैद्यकीय माणसाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. क्रिकेटमध्येही २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली गडी घेता येतो.

"अमेरिकेचं राहू दे मास्तर. आपला मेन रेडर बसवला तं सामना गेला ना!"

इथं मात्र मास्तर तापले. "बारा जनाचा संघ असते. सात आत, पाच राखीव. ते काय नाश्ता कराले आनता?"

गजूभाऊ गप्प झाला, पण मला वाटतं खरी अडचण त्याच्याच बोलण्यात आहे. कप्तानाला सामना सोडवत नाही, पोराला गावासमोर बसून राहायची लाज वाटते आणि आयोजकाला बक्षिसाची घाई असते. म्हणून हा निर्णय या तिघांकडे नकोच. डोक्याला लागलं म्हणून पंचानं हात वर केला की त्या पोराचा त्या दिवशीचा खेळ संपला. पुढचा एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू सराव, आणि डॉक्टरनं हो म्हटल्यावरच सामना.

घरी नेल्यावरही एकटं सोडायचं नाही. डोक्यात आतून रक्तस्राव असला तर पोरगं आधी चांगलं हसतं-बोलतं आणि काही तासांनी ढासळतं. परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, उठवूनही न उठणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन.

पुढच्या सामन्याच्या प्रवेशअर्जावर ही अट छापा, असं मास्तर म्हणाले.

"संघ दुसऱ्या गावाले जातीन मंग," गजूभाऊ म्हणाला.

"जाऊ दे. आधी त्या पोराच्या बापाले फोन लाव, डोकं दुखते का इचार."

गजूभाऊनं फोन काढला.