वॉरंट मागू नका, पंचनाम्याची प्रत मागा

'पोलिस वॉरंटशिवाय तुमच्या मोबाइलला हात लावू शकत नाहीत' अशा मथळ्याचा एक मेसेज सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, कॉलेजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात पाच दावे आहेत. एक, वॉरंट नसेल तर फोन द्यायचाच नाही. दोन, पासवर्ड कधीच सांगायचा नाही, राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हे सांगणारं कलम, पाठीशी आहे. फार तर बोट लावून द्या. तीन, वॉरंटशिवाय घेतलेला पुरावा कोर्टात बाद होतो. चार, फोन घेतलाच तर घरी जाऊन दुसऱ्या मोबाइलवरून सगळं पुसून टाका. पाच, चोवीस तासांत फोन परत द्यावाच लागतो.

यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही, आणि चौथा तर पाळणाऱ्याला थेट आरोपी करणारा आहे. आपल्या कायद्यात नागरिकाला जे संरक्षण आहे ते बहुतेक वेळा वॉरंटमध्ये नसतंच. ते असतं कागदात आणि व्हिडिओत. वॉरंटवरून हुज्जत घालण्यात वेळ जातो आणि जे हक्काने मागता आलं असतं ते मागायचं राहून जातं.

<b>'वॉरंट नसेल तर फोन द्यायचा नाही'</b>

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. झडतीच्या वॉरंटचं कलम त्यात आहे, ते ९६. पण त्याच संहितेत वॉरंटशिवायचे रस्तेही आहेत. कलम १८५ प्रमाणे ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी, दाखल गुन्ह्याच्या तपासासाठी लागणारी वस्तू एखाद्या जागेत असल्याचं सबळ कारण असेल आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होणार असेल, तर स्वतः झडती घेऊ शकतो. कलम १०६ प्रमाणे गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू जप्त करता येते. अटक झाली की कलम ४९ प्रमाणे अंगझडती होते आणि खिशातला फोनही त्यात जातो. कलम ९४ प्रमाणे तर ठाण्याचा प्रभारी लेखी आदेश काढून वस्तू हजर करायला सांगू शकतो. नव्या कायद्याने या कलमात डिजिटल पुरावा असू शकेल अशी उपकरणं नाव घेऊन घातली आहेत. (आरोपीलाच असा आदेश देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने याच्या जुन्या रूपाबद्दल १९६४ मध्ये ठरवलं होतं.)

मेसेजमधला नियम अमेरिकेचा आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, अटकेतल्या माणसाचा फोन चाळायलाही वॉरंट लागतं, असं ठरवलं. आपल्याकडेही तसंच असायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, आणि माणसाचं सगळ्यात जास्त खासगी आयुष्य आज फोनमध्येच आहे. पण जे असायला हवं ते आजच आहे असं समजून रस्त्यात पोलिसाशी झटापट केली, तर भारतीय न्याय संहितेची कलमं २२१ आणि १३२, म्हणजे सरकारी कामात अडथळा आणि बळाचा वापर, अंगाला चिकटतात. हातातून घेतलेला फोन परत हिसकावून घेऊ नका.

याचा अर्थ कुणीही कुणाचाही फोन उघडून चाळावा असा मात्र मुळीच नाही. वरच्या प्रत्येक कलमाला एक गुन्हा किंवा गुन्ह्याचा ठोस संशय लागतो. सात रस्ता किंवा पार्क चौकात नाकाबंदीला गाडी थांबवली, तर लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी बघण्याचा अधिकार आहे. गॅलरी आणि व्हॉट्सॲप बघण्याचा त्यातून मिळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलिस रस्त्यात तरुणांना थांबवून चॅटमध्ये 'गांजा' हा शब्द शोधतानाचे व्हिडिओ देशभर गाजले. तेव्हा अधिकाऱ्यांनी कुठलं कलम दाखवलं नाही, लोक सहकार्य करतात असं सांगितलं. अडचण इथेच आहे. 'दाखव रे जरा' म्हटल्यावर तुम्ही स्वतः लॉक काढून फोन हातात दिला, की ती संमती ठरते. नंतर सक्ती झाली होती हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

गाडीची कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेली चालतात, हे २०१८ पासून नियमातच आहे. पण लॉक काढलेला फोन त्यासाठी हातात द्यायची गरज नाही, स्क्रीन समोर धरली तरी पुरतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीच्या भागात 'ॲप पिनिंग' असतं. ते चालू करून ठेवा. डिजिलॉकर उघडायचं, अलीकडच्या ॲपच्या यादीत जायचं, डिजिलॉकरच्या चिन्हावर दाबून 'पिन' निवडायचं. 'अनपिन करताना पिन विचारा' हा पर्याय सुरू असेल, तर त्या ॲपबाहेर पडायला तुमचा पिन लागतो. आयफोनवर हेच काम 'गाइडेड ॲक्सेस' करतं, बाजूचं बटण तीनदा दाबून.

फोन मागितलाच तर बोलायचं वाक्य असं: 'साहेब, फोन द्यायला माझी ना नाही. गुन्हा नंबर सांगा, नोटीस द्या नाहीतर जप्ती पंचनामा करा आणि मला प्रत द्या.' या वाक्यात अडथळा कुठेच नाही. आणि समोरच्याकडे गुन्हा नंबर नसेल, तर फोन तिथेच परत मिळण्याची शक्यता वाढते.

आता कागद. मेसेजमध्ये ज्याचा एका शब्दाने उल्लेख नाही तो भाग हाच.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती, जप्त वस्तूंची यादी, त्यावरच्या पंचांच्या सह्या, या सगळ्याचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. कलम १०६ ची जप्तीही यात येते, म्हणजे रस्त्यात घेतलेला फोनसुद्धा. १८५ ची झडती असेल, तर वॉरंट न आणण्याची कारणं आधी केस डायरीत लिहावी लागतात आणि त्या नोंदींच्या प्रती फार तर ४८ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे जाव्या लागतात. घरमालकाने किंवा भाडेकरूने अर्ज केला, तर दंडाधिकारी त्याची प्रत विनामूल्य देतात. हा अर्ज फारच थोडे लोक करतात. सोलापुरात तो जिल्हा न्यायालयाच्या आवारात, ठाण्याची हद्द ज्या दंडाधिकाऱ्याकडे येते तिथे द्यायचा. कारणं नंतर मागच्या तारखेने लिहिली गेली असतील, तर ते उघड होण्याची जागा हीच.

घराची किंवा दुकानाची झडती असेल तर कलम १०३ प्रमाणे त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच लागतात, घरच्या माणसाला हजर राहता येतं आणि यादीची सही केलेली प्रत मिळते. बाईच्या अंगावरची झडती बाईनेच घ्यायची, शालीनता पाळून. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी जुनी माणसं मराठी पंचनाम्यावर न वाचता अंगठा उठवतात. 'वाचून दाखवा, समजलं की सही करतो' असं म्हणण्यात काहीच गैर नाही. कोऱ्या कागदावर मात्र कुणीही सही करू नये, पंचांनी तर नाहीच.

फोनच्या जप्ती पंचनाम्यात काय असायला हवं? कंपनी, मॉडेल, रंग, काचेला तडा असेल तर तो. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक: *#०६# दाबलं की १५ आकडी क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि पंचनाम्यात बरेचदा एकच उतरवला जातो. हे दोन्ही आजच घरी वहीत लिहून ठेवा. सिम कुठल्या नंबरचं, मेमरी कार्ड आहे की नाही, घेताना फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा, वेळ काय. मग पाकीट, लाखेचं सील, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. फोन नुसता खिशात घालून ठाण्यात नेला, तर पुढे त्यात काय आधीपासून होतं आणि काय नंतर आलं, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.

'नंतर आलं' म्हणजे काय, तेही समजून घ्या. चालू फोन नेटवर्कवर राहिला तर मेसेज येत राहतात, ॲप अपडेट होतात, फाइलींच्या वेळा बदलतात. म्हणून फ्लाइट मोड लावून, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून, लहरी अडवणाऱ्या पिशवीत फोन ठेवायचा असतो. बंद केला तर बदल थांबतात, पण पुन्हा सुरू केल्यावर पिनशिवाय तो उघडत नाही, बोटाचा ठसाही चालत नाही. प्रयोगशाळेत फोनमधल्या डेटाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढतात आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या डेटावरून गणिताने निघणारी ओळखखूण, नोंदवतात. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची ओळ असते. प्रतिमेतला एक बाइट बदलला की सगळी ओळ बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावी लागते, भाग अ आणि तज्ज्ञाचा भाग ब असे दोन भाग भरून. मेमरी कार्डाची हॅश, साधन असेल तर, जागेवरही काढता येते. फोनची सहसा येत नाही, म्हणूनच प्रतिमा निघेपर्यंत सील शाबूत राहणं एवढं महत्त्वाचं. सील तुटल्याची नोंद कुठे आणि कधी झाली, हा वकिलाला विचारायला सांगायचा पहिला प्रश्न.

<b>'पासवर्ड कधीच नाही, बोट चालेल'</b>

हा सल्ला उलटा बसतो. काठी कालू ओघड खटल्यात १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं, की अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. म्हणजे बोटाला कलम २०(३) चं संरक्षण सगळ्यात कमी. पासवर्ड डोक्यात असतो, तो सांगावा लागतो, म्हणून त्यावर खरा वाद आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ ला म्हटलं, की पासवर्ड देणं ही साक्ष नव्हे, मात्र तपास अधिकारी स्वतः सक्ती करू शकत नाही, त्याने कोर्टाचा आदेश आणावा. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोपीला पासवर्ड द्यायला भाग पाडता येणार नाही असं ठरवलं. कर्नाटक आणि दिल्लीचे हे दोन निकाल सोलापूरच्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, पण दोन्हीत एक गोष्ट समान आहे: ठाण्यात दम देऊन पासवर्ड काढून घेणं कुणालाच मान्य नाही. म्हणून उत्तर एवढंच द्यावं, 'वकिलांशी बोलून सांगतो, कोर्टाने आदेश दिला तर पाळीन.' पासवर्ड दिलाच, तर तो तुम्ही दिला, कधी दिला, कुणापुढे दिला हे पंचनाम्यात लिहून घ्या.

'नाही दिला तर सात वर्षं' हा उलटा धाकही काही जण घालतात. सात वर्षांची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. त्याला केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिव पातळीवरचा आदेश लागतो. चौकीतल्या हवालदाराच्या तोंडी सांगण्याला ते कलम लागू होत नाही.

<b>'वॉरंट नसेल तर पुरावा बाद'</b>

नाही. पूरनमल खटल्यात १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की झडती बेकायदा असली तरी त्यातून मिळालेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही; तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे बघितलं जातं. पुरावा बाद होण्यापेक्षा तो विश्वासार्ह नाही हे दाखवणं आपल्याकडे जास्त चालतं, आणि ते दाखवायला पुन्हा पंचनामा, व्हिडिओ, सील आणि हॅशच लागतात.

<b>'दुसऱ्या मोबाइलवरून सगळं पुसा'</b>

हे कृपा करून करू नका आणि पुढे पाठवूही नका. पुराव्यात दाखल होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मूळ प्रकरणात नुसता साक्षीदार असलेला मुलगा या एका कृतीने आरोपी होतो. शिवाय पुसण्याचा आदेश कुठल्या खात्यावरून आणि किती वाजता गेला, याची नोंद कंपनीकडे राहते.

<b>'चोवीस तासांत फोन परत'</b>

चोवीस तासांचा नियम अटक केलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचा आहे, मुद्देमालाचा नाही. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला ताबडतोब द्यावी लागते. पण फोन परत हवा असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ किंवा ४९७ खाली तुम्हालाच कोर्टात अर्ज करावा लागतो. सोबत खरेदीचं बिल, आयएमईआय असलेला खोका, पंचनाम्याची प्रत आणि ओळखपत्र जोडा. कोर्ट तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं. 'प्रयोगशाळेचा अहवाल बाकी आहे' असं म्हणणं आलं, तर प्रतिमा काढून झाली का, हे विचारायला सांगा. झाली असेल तर मूळ फोन अडकवून ठेवण्याचं कारण बरंच हलकं होतं. अर्ज मंजूर झाला की बंधपत्र घेऊन फोन सुपूर्दनाम्यावर मिळतो. निकालापर्यंत तो विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, बोलावलं की हजर करायचा.

तोवर व्यवहार अडतात, विशेषतः ज्यांचा धंदाच यूपीआयवर चालतो त्यांचे. सिमही जप्त झालं असेल, तर त्याच नंबरचं नवं सिम घेता येतं, पण आधी तपास अधिकाऱ्याला तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या, म्हणजे पुढे लपवाछपवीचा आरोप होत नाही. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे बँकेचा ओटीपी येत नाही. पगार-हप्त्याची तारीख बघून दुकानात जा. पंचनाम्याची प्रतच दिली नसेल, तर शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि तालुक्यांत ग्रामीणच्या पोलिस अधीक्षकांकडे तारीख, वेळ, ठाणं आणि दोन्ही आयएमईआय लिहून स्पीड पोस्टाने तक्रार पाठवा, आणि त्या पोस्टाची पावती कोर्टातल्या अर्जाला जोडा.