पन्हाळीचा पूर

काल ऐन पावसात शिडीवर चढून, पन्हाळीत कोपरापर्यंत हात घालून मी कुजलेल्या पानांचा गाळ उपसत होतो. खालून प्रश्न आला, "कमरेपर्यंत आलं का रे?"

शेजारचे काका. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की हे गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघून येतात आणि गल्लीभर सांगत सुटतात. यंदा विसर्ग अजून नाही, म्हणून माझ्या पन्हाळीवर भागवत होते. खुर्ची, एका हातात छत्री, दुसऱ्यात चहा. शिडी धरायला हात कुठला मोकळा!

"काका, ही पानं तुमच्या गुलमोहराची आहेत," मी ओंजळ पुढे केली.

काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "असतील. पण वारा काही माझा नाही."

"निदान फांदी तरी छाटा."

"महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५चा कायदा आहे. आणि मे महिन्यात त्याच फांदीचे फोटो स्टेटसला ठेवलेस, तेव्हा नाही आठवलं कुणाचं झाड ते?"

फोटो ठेवले होते. पण म्हणून काय जन्मभर गाळ काढायचा?

आज सकाळी त्यांनीच पन्हाळीवर जाळी बसवणारा माणूस पाठवला. "साहेब, एकदा बसवा, परत वर बघायला नको." काका कुंपणापलीकडून म्हणाले, "बसवून टाक." त्यांचं काय जातंय! भाव फुटावर आणि पन्हाळ माझी.

मी कालच्या गाळातली मूठभर पानं त्याच्या नमुन्यावर टाकली. गुलमोहराची एकेक पर्णिका ती केवढीशी! मोठ्या भोकांच्या जाळीतून सगळा ऐवज आरपार. बारीक जाळीवर मात्र ओला लगदा चिकटून बसला. वर तांब्याभर पाणी ओतलं, ते जाळीवरून घसरून थेट माझ्या पायजम्यावर.

"अधूनमधून वरून झाडावी लागते, साहेब."

म्हणजे शिडी आलीच, आता पैसे मोजून. आंब्याची, फणसाची पानं पडत असती तर मीही घेतली असती जाळी. मोठी पानं वर अडकतात, वाळली की वाऱ्याने उडून जातात. आमच्या नशिबी गुलमोहर. त्याला पावसाळ्याआधी पन्हाळ स्वच्छ करणं, मध्ये उघडीप मिळाली की पुन्हा एकदा हात फिरवणं, पाइपाच्या तोंडाशी तारेची गोल जाळी खोचणं आणि दहा फुटांमागे पाव ते अर्धा इंच उतार ठेवणं, एवढंच. आमच्या मिस्त्रीने उतार दिलाय, पण पाइपाच्या उलट्या दिशेला. त्याच्याबद्दल बोलायला लागलो तर जीभ विटाळेल.

जाळीवाला गेला. मी गाळाची बादली कचऱ्यात रिकामी करायला निघालो, तर काका धावत आले.

"अरे, फेकतोस काय! माझ्या गुलाबांना दे. पानं माझीच आहेत ना!"

दिली. बादली अजून परत आलेली नाही.