एक 'क' जास्त

"मामा, तो श्लेष आहे." भाच्याने काल फॅमिली ग्रुपवर लिहिलं. खाली हसरे पिवळे चेहरे सात, त्यातला एक बायकोचा. बावीस वर्षं मी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासतोय आणि हा मला श्लेष शिकवतोय!

झालं होतं एवढंच. गोव्यात पर्वरीला पुलाच्या कामापायी गाड्या तुंबलेल्या, कदंबा बसचा पत्ता नाही आणि समोर घराएवढ्या अक्षरांत फलक: 'भूककंप!' खाली ना नाव, ना गाव. मी फोटो टाकला, 'लाखो रुपये घालवतात, भूकंप लिहिता येत नाही.' वर तेच शेजारी सायकल धरून उभ्या पदेराला, म्हणजे पाववाल्याला, मोठ्याने ऐकवलं.

त्याने टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारखं केलं. फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्याकडे बघावं तसं.

"पात्रांव, तें भूकंप न्हय. भूक आनी कंप. चिप्सांचें तें."

"कशावरून? नाव कुठंय?"

"रंग पळयात मरे! भुरग्यांकूय कळटा."

"पण नाव नको?"

"नांव कित्याक?" म्हणत त्याने भोंपू दाबला. पों-पों! समोरच्या इमारतीतून एक बाई खरोखरच पिशवी घेऊन बाहेर आल्या. "हांवें नांव सांगलें?"

बाईंनी चार कातरे पाव घेतले. जाताना फलक वाचला आणि हसल्या. लगेच! ते जास्त लागलं.

मग मीही गाड्यावरून तेच पाकीट घेतलं. हो, रंगावरून ओळखून. आत निम्मी हवा. वजनाचा आकडा चष्मा दोनदा पुसल्यावर सापडला. शब्दात 'क' वाढवणं यांना परवडतं, पाकिटात चार चकत्या नाही.

रात्री चिडून शोधाशोध केली. २००६ साली अमेरिकेत स्निकर्स चॉकलेटने हेच केलं होतं. तपकिरी पाटी, वेष्टनावरचंच अक्षरवळण आणि नावाच्या जागी 'हंगरेक्टमी' असले घडवलेले शब्द. अपेंडिक्स काढतात तशी भूक कापून काढायची म्हणे! बरं, स्निकर्स हे नाव तरी कुठलं? मालकांच्या लाडक्या घोड्याचं. घोड्याच्या नावाने जग खातंय आणि आम्ही ऱ्हस्वदीर्घापायी डोळे फोडतोय, तेही याच पगारात.

आज कामावर कुठल्याशा भूकंपाची बातमी आली. मथळा बरोबर होता. तरी पाच मिनिटं मी त्यातले 'क' मोजत बसलो.