दाखवण्याआधी विचारा

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्या घरी दर वर्षी एक वाद ठरलेला. माझी भाची हौशी छायाचित्रकार आहे. पालखीच्या दोन्ही दिवशी ती नाना पेठ, भवानी पेठ पायाखाली घालते आणि रात्री घरच्या ग्रुपवर फोटो टाकते. माझा दादा, म्हणजे तिचा बाप, लगेच चिडतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीला चार-चार जण आडवे येऊन ‘आजी, जरा वर बघा’ म्हणतात, हे त्याने लक्ष्मी रोडवर डोळ्यांनी बघितलंय. ‘बाई देवाला निघालीय, तुमच्या लाइक्सना नाही,’ हे त्याचं म्हणणं. भाचीचं उत्तरही ठरलेलं. विचारत बसलं तर तो क्षण हातचा जातो, आणि भर रस्त्यात फोटो काढायला बंदी कुठे आहे? मग दोघंही माझ्याकडे वळतात: आत्या, तुमच्या जर्मनीत काय करतात?

मी हॅम्बुर्गला राहते. इथल्या आठवडी बाजारात कॅमेरा उचलला की समोरचा माणूस तळहात पुढे करतो किंवा सरळ पाठ फिरवतो. इथल्या माझ्या ओळखीच्या हौशी मंडळींच्या फोटोंत सावल्या असतात, छत्र्या असतात, पाठमोरी माणसं असतात, चेहरे क्वचित. त्यामागे एक जुना कायदा आहे. जर्मनीचा पहिला चॅन्सलर बिस्मार्क १८९८ साली वारला तो हॅम्बुर्गजवळच. त्या रात्री दोन छायाचित्रकार घरातल्याच एका नोकराला फितवून खिडकीतून आत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या संतापातून १९०७ चा कायदा आला, तो आजही लागू आहे: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही, जाहीर मांडायचं नाही. मिरवणूक, सभा, किंवा देखाव्यात सहज आलेली माणसं, अशा थोड्या सवलती आहेत. कलेसाठीही एक आहे.

ही कलेची सवलत कुठवर ताणायची, यावर अलीकडे एक खटला गाजला. एस्पेन आइशहोफर या छायाचित्रकाराने बर्लिनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईचा फोटो काढला, आणि २०१३ मध्ये तो एका प्रदर्शनाच्या निमित्ताने मोठा करून गजबजलेल्या रस्त्याकडेला लावला गेला. बाई कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने रस्त्यावरचं छायाचित्रण ही कला आहे हे मान्य केलं, पण छायाचित्रकाराची तक्रार फेटाळली. फोटो भर रस्त्यात, हजारो लोकांसमोर, एवढा मोठा लावला होता, याचं वजन निकालात पडलं. मला यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की भांडण कॅमेऱ्याच्या बटणावरून झालं नाही. भिंतीवरून झालं.

दादाला वाटतं, असाच कायदा पुण्यात आणावा. मला अजिबात वाटत नाही. इथे राहून मला कळलंय की चेहरे नसलेल्या फोटोंमुळे शहराची आठवणच अर्धी होते. हॅम्बुर्गच्या आजच्या बाजारात भाजी कोण विकत होतं, हे पन्नास वर्षांनी कुणाला दिसणार नाही. आणि पुण्याचा स्वभाव वेगळा आहे. मंडईत कॅमेरा काढला की गाळ्यावरची मावशी पदर सारखा करते, शेजारणीला हाक मारते, ‘हिचा पण काढ गं’ म्हणते, आणि वर पावशेर गवारही गळ्यात मारते. हा मोकळेपणा कायद्याने मारायचा नसतो.

पण तो मोकळेपणा आपण कुणाकुणाकडून घेतो, हेही बघा. शनिवार-रविवारचे फोटोवॉक, म्हणजे कॅमेरे घेऊन निघालेले हौशी घोळके, जातात कुठे? जुन्या बाजारात, कसब्यात, मार्केट यार्डात. हमाल, तांबट, कचरा वेचणाऱ्या बाया, वारकरी. प्रभात रोडच्या बंगल्यांपुढे कुणी फोटोवॉक नेत नाही, कारण तिथला माणूस गेटावर येऊन ‘कशासाठी?’ विचारेल, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. हमालाच्या पाठीवर पोतं असतं, तो विचारायला थांबू शकत नाही. मग तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो, सुरकुत्या आणखी गडद केल्या जातात, खाली ‘कष्टातलं हसू’ असं काहीतरी लिहिलं जातं. नाव नाही, गाव नाही. पुण्याच्या हमालांनी हमाल पंचायत ही आपली संघटना उभी केली, ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची सोय १९७४ पासून चालवली. त्यांचा नुसता ‘चेहरा’ करून टाकणं मला सहन होत नाही.

आपला कायदाही इथे अजब आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, स्टुडिओत पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतलं की त्याचा पहिला मालक पैसे देणारा. रस्त्यावर कुणी फुकट काढलं तर मालक फोटो काढणारा. म्हणजे ज्याला परवडतं त्याच्या चेहऱ्याचा फोटो त्याचा, आणि मंडईतल्या मावशीचा फोटो माझ्या भाचीचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मावशीच्या गाळ्यापर्यंत कोण पोचवणार?

म्हणून दादा आणि भाची दोघंही चुकीच्या जागी भांडतात असं माझं मत आहे. काढायचा की नाही यावर तासन् तास, आणि दाखवायचा की नाही यावर एक शब्द नाही. क्षण विचारून येत नाही, हे भाचीचं खरंच आहे. पण क्षण गेल्यावर घाई कसली? फोटो काढला, आता दोन मिनिटं थांब, स्क्रीन त्या माणसाला दाखव, नाव विचार, ‘हा लावू का?’ म्हण. नाही म्हणाला तर तो तुझ्याकडे ठेव.

मागच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर तांबट आळीत गेले होते. तिने आधी काढलेला एका वयस्कर कारागिराचा फोटो छापून नेला होता. त्या कारागीर बाबांनी हात पुसून तो उजेडात धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. घंगाळावरच्या ठोक्यांच्या नक्षीवर बोट ठेवून म्हणाले, ‘मठारकाम छान आलंय. पण ही कड अजून व्हायची होती गं. पूर्ण झाल्यावर काढायचा होतास.’ भाचीने विचारलं, प्रदर्शनात लावू का? ‘हा नको,’ म्हणाले, ‘अर्धवट काम लोकांपुढे कशाला? उद्या ये, दुसरं होतंय.’ ती दुसऱ्या दिवशी गेली. तो दुसरा फोटो पहिल्याइतका नाट्यमय नाही, प्रकाशही सपाट आहे. तरी मला तोच अधिक खरा वाटतो, कारण त्यात काय दिसावं हे दोघांनी ठरवलंय.

वारीत हे जमणार नाही, हे मला मान्य आहे. दिंडी पुढे सरकते, माणूस परत भेटत नाही. तिथे गर्दीचे, पताकांचे, टाळ-मृदंगाचे फोटो खुशाल लावा. एकट्या आजीचा जवळून काढलेला चेहरा लावायचा असेल तर दिंडी क्रमांक आणि गाव विचारून ठेवा. मुक्कामाला संध्याकाळी गाठता येतं. टँकरखाली अंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो मात्र काढूच नका, तिथे दादाच बरोबर आहे. आणि पुण्यात प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एक विनंती: प्रवेशिका मागवताना फोटोचं शीर्षक विचारता, तसं त्या माणसाने होकार दिलाय का हेही विचारा, आणि उद्घाटनाचं बोलावणं त्यालाही पाठवा.