अडतीस बघ्यांची गोष्ट आणि शहरी माणसाची बदनामी

शहरांतली माणुसकी संपली, हे पटवून देण्यासाठी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या 28 वर्षांच्या तरुणीचा खून 38 शेजाऱ्यांनी खिडकीतून अर्धा तास पाहिला, एकानेही पोलिसांना कळवले नाही. तात्पर्य, शहर सहानुभूती मारून टाकते आणि जितकी गर्दी मोठी तितकी मदतीची आशा कमी, असा त्याचा आशय असतो.

आधी 38 हा आकडा पाहू. तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकाला पोलीस आयुक्तांनी जेवणाच्या टेबलावर सांगितला होता, आणि तिथून तो मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. प्रत्यक्षात 13 मार्चच्या पहाटे तीननंतर क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात झालेल्या पहिल्या हल्ल्याच्या वेळी एका रहिवाशाने खिडकीतून दरडावल्यामुळे मारेकरी पळाला होता. जखमी किटी इमारतीच्या मागच्या बाजूच्या दारापर्यंत गेली आणि दुसरा, अधिक भीषण हल्ला तिथे आत, बहुतेकांच्या नजरेआड झाला. अनेकांनी फक्त आरडाओरडा ऐकला होता. साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी काय पाहिले-ऐकले हे दोन्ही आपल्या बातमीत अवाच्या सवा फुगवले गेले होते, असे त्याच वृत्तपत्राने 2016 साली मान्य केले.

‘एकानेही काही केले नाही’ हेही खरे नाही. सोफिया फॅरर ही शेजारीण, मारेकरी जवळपास असू शकतो हे ठाऊक असताना, खाली धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला कवेत धरून बसली. पोलिसांनाही, उशिरा का होईना, फोन गेला. 911 हा एकच आपत्कालीन क्रमांक न्यूयॉर्कमध्ये 1968 साली सुरू झाला, हे इथे लक्षात घ्यावे. एका शेजाऱ्याने मात्र दार उघडून हल्ला पाहिला आणि दार पुन्हा लावून घेतले. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण एका माणसाच्या भित्रेपणावरून सगळ्या शहराला दोषी ठरवता येत नाही.

मजकुराचा सर्वांत कच्चा दुवा सहानुभूतीविषयीचा आहे. या घटनेवरूनच डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी केलेला, 1968 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याच्या पुराव्यादाखल दिला जातो. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचे ऐकू येत असताना, ते आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांनी फिट चालू असतानाच ते कळवले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होते. एवढे सांगून लोक थांबतात. जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता आणि तो माणूस बरा आहे ना, असे ते विचारत होते, ही नोंदही त्याच शोधनिबंधात आहे. कळवळा होता, आपणच उठायचे की कोणी आधीच उठले आहे, हे त्यांना ठरवता येत नव्हते.

गर्दीबद्दलचा निष्कर्षही याच प्रयोगावर बेतलेला आहे. एकेका माणसाने पुढे येण्याची शक्यता घटली, तरी माणसे पुष्कळ असली की त्यांतले कोणीतरी पुढे येण्याची शक्यता वाढू शकते. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या सीसीटीव्हीत टिपलेल्या रस्त्यावरच्या 219 भांडणांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दर दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी बघा मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी ही शक्यता अधिक होती.

आपल्याकडे अपघातस्थळी लोक कचरतात, त्यामागे पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती किती असते, हे सर्वश्रुत आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्यांना संरक्षण देणारे 134 अ हे कलम आले. माणुसकीच्या नावाने गळा काढणाऱ्या मजकुरांत या कलमाचा उल्लेख सहसा नसतो.

तो असायला हवा, कारण अशा माहितीने वागण्यात फरक पडतो. बघे का थिजतात हे विद्यार्थ्यांना आधी समजावून सांगून दोन आठवड्यांनी त्यांच्यासमोर एक मदतीचा प्रसंग घडवून आणला, तेव्हा सुमारे 43 टक्के विद्यार्थी मदतीसाठी थांबले; ज्यांना हे सांगितले नव्हते त्यांच्यातले 25 टक्के. हा प्रयोग 1978 सालचा आहे.