मोठी जात धरली की विदर्भ जिंकला? हिशेब तसा लागत नाही

निवडणूक जवळ आली की गावोगावच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. ग्रामीण विदर्भात ज्या पक्षाने मोठी जात धरली त्याचं राज्य. बाकीचे समाज विचारसरणीच्या ओढीने मागे येतात. एकदा मोट बांधली की ती वर्षानुवर्षं सुटत नाही. आधी काँग्रेसने हेच केलं, आता भाजप करतो, असा त्याचा शेवट.

पहिला मुद्दा मोठ्या जातीचा. मग 1963 ते 1975 मुख्यमंत्री कोण होते? पुसदचे वसंतराव नाईक, बंजारा समाजाचे. त्यांच्या आधीचे चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार, तेही लहान समाजातले. यात औदार्य शोधू नये. मोठ्या जातीत दावेदार जास्त असतात. एकाला दिलं की चार रुसतात. लहान समाजातल्या माणसाला दिलं तर तो समाज एकगठ्ठा येतो आणि बाकीच्यांची आशाही जिवंत राहते.

मोठ्या जातीचं समाधान होतं ते खाली, आणि खाली जागा भरपूर आहेत. सेवा सहकारी सोसायटीत 13 संचालक: 8 सर्वसाधारण, 2 महिला, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त यांचा प्रत्येकी एक. बाजार समितीत 18: सोसायट्यांकडून 11, ग्रामपंचायतींकडून 4, अडते-व्यापाऱ्यांचे 2, हमाल-मापाऱ्यांचा 1. जिल्हा परिषदेत अध्यक्ष-उपाध्यक्षांखेरीज चार सभापती. त्यात समाजकल्याण मागासवर्गीय सदस्याला आणि महिला-बालकल्याण महिलेलाच द्यावं लागतं. उरलं तर खरेदी-विक्री संघ आणि निराधार योजनेची तालुका समिती आहेच. तालुक्याचा नेता याच यादीवर बोट ठेवून बोलतो: आमदारकी एका गटाला, तर बाजार समितीचं सभापतिपद दुसऱ्याला, सर्कलची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटाची, उमेदवारी तेली किंवा माळी समाजाला गेली, तर पंचायत समितीचं उपसभापतिपद धनगर-बंजारा गावांकडे.

तरी माणसं उरतातच. मग अडीच वर्षांच्या पदाचे सव्वा-सव्वा वर्ष असे दोन तुकडे होतात. कागदावर काही नसतं, सगळा करार शब्दाचा. गाडी अडते ती इथे. पहिला राजीनामा देत नाही, आणि अविश्वास ठराव साध्या बहुमताने होत नाही, म्हणून दुसरा विरोधकांच्या दारात जातो. बाजार समितीत पक्षचिन्हच नसतं, त्यामुळे तिथे पॅनेल फोडायला फारसा वेळ लागत नाही.

विचारसरणीचं म्हणाल तर काँग्रेसमध्ये एकाच वेळी वेगळा विदर्भ मागणारे ब्रिजलाल बियाणी होते आणि संयुक्त महाराष्ट्रात राहून सत्ता चालवणारे नाईकही. जमिनदारही तिथेच आणि 1961 चा कमाल जमीनधारणा कायदाही त्याच पक्षाचा. 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, ही शेतकऱ्याला हवी होती, जिनवाल्या व्यापाऱ्याला नको होती. ही भांडणं पक्षात मिटली नाहीत, चालत राहिली. बाहेर जाऊन भांडण्यापेक्षा आत भांडणं फायद्याचं होतं, एवढंच. वेगळ्या विदर्भासाठी लढणारे जांबुवंतराव धोटे 1971 मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूर लोकसभा जिंकले. 1980 मध्ये तीच जागा त्यांनी इंदिरा काँग्रेससाठी जिंकली. भाजपनेही 1997 मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला आणि वेगळ्या विदर्भाला कडवा विरोध असलेल्या शिवसेनेबरोबर पुढे अनेक निवडणुका लढवल्या.

एक समाज मात्र, आंबेडकरी बौद्धांचा, या हिशेबात कधी पुरता बसला नाही. 1967 च्या जिल्हा परिषद निवडणुकीसाठी काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण आणि रिपब्लिकन पक्षाचे दादासाहेब गायकवाड यांनी युती केली. काही नेत्यांना पदं मिळाली. पुढे रिपब्लिकन पक्षात गायकवाड आणि खोब्रागडे असे गट पडले. दीक्षाभूमीवरून उभी राहिलेली चळवळ चार पदांनी शांत होईल, ही समजूत तेव्हाही चुकीची होती.

आता न सुटणारी मोट. 2014 च्या लोकसभेत विदर्भातल्या दहाही जागा भाजप-शिवसेनेच्या. त्याच वर्षी विधानसभेच्या 62 पैकी 44 एकट्या भाजपला. 2019 मध्ये 29. 2024 च्या लोकसभेत भाजपकडे नागपूर आणि अकोला उरले, मित्रपक्षाकडे बुलढाणा. सोयाबीन हमीभावाखाली विकलं जात होतं, हे त्या निकालाचं एक कारण. पाच महिन्यांनी विधानसभेत विदर्भ पुन्हा महायुतीकडे वळला, आणि मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये थेट पडू लागले होते.

मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट अशी. अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली आणि बुलढाणा या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक बसले, आणि 2024 च्या विधानसभेपर्यंत तिथे निवडणूक झाली नाही. म्हणजे सहा जिल्ह्यांत सभापतिपदं वाटायलाच नव्हती. थेट खात्यातला पैसा मतदाराला धरून ठेवतो. सर्कलमध्ये पाच वर्षं पायपीट केलेल्या कार्यकर्त्याला तो काही देत नाही. नाराजाला महामंडळाचा शब्द देता येतो, पण महामंडळं मोजकी आणि शब्द घेतलेले पुष्कळ.