दुधाने ऑटिझम होतो म्हणे! फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा वाचाच

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला, "अरे, मी त्याचं दूध बंद केलंय, तीन आठवडे झाले, बघू आता काय होतं ते." तो म्हणजे माझा भाचा, पाच वर्षांचा, ऑटिस्टिक. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. कसलं काय! सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, "सफेद विष", खाली सहा मुद्दे आणि शेवटी "एका तरी आईपर्यंत पोचवा". पोचलं बाबांनो, बरोबर पोचलं. म्हणून लिहितोय, आणि डोकं शांत ठेवून लिहीत नाहीये हे आधीच सांगतो.

मुद्दा १: "गायीच्या दुधाने ऑटिझम होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय, दूध सोडलं की मूल बोलायला लागतं."

अमेरिकेत काय झालं ते सांगतो. हे पिल्लू सोडलं पेटाने, म्हणजे प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये त्यांनी भला मोठा बोर्ड लावला, दुधाच्या बाऊलमध्ये सीरिअलचा रडका चेहरा आणि शेजारी दूध आणि ऑटिझमचा संबंध असल्याचा दावा. तिकडची दुधाची एक गाजलेली जाहिरात आहे, तिच्याच धर्तीवर. ऑटिस्टिक लोकांच्याच एका संघटनेने यावर आवाज उठवला की आम्हाला काय बागुलबुवा समजता का, आणि बोर्ड उतरला. पण वेबसाइटवरचं पान तसंच राहिलं, २०१४ मध्ये परत त्यावरून बोंबाबोंब झाली, आणि आता ते मराठीत येऊन आमच्या ताईच्या फोनमध्ये पडलंय.

त्यांचा पुरावा काय, तर मुख्य दोन अभ्यास. एक १९९५चा, इटलीतला, ३६ पेशंट, आठ आठवडे दूध बंद. दुसरा २००२चा, नॉर्वेतला, २० मुलं, त्यातली १० डाएटवर, आणि तिथे दुधाबरोबर गहूही बंद, म्हणजे फरक पडला तरी तो कशाने पडला ते कळायला मार्ग नाही. शिवाय आईबापांना माहीत होतं आपलं पोर डाएटवर आहे. वर्षभर वेगळा स्वयंपाक करून दमलेल्या आईला "काही फरक वाटतो का" विचारल्यावर ती काय सांगेल? बरं, हे दोन्ही अभ्यास "सुधारणा होते का" याचे आहेत. "दुधाने ऑटिझम होतो" हे त्यांच्यातून निघतच नाही. क्रोसिन घेऊन डोकं थांबलं म्हणून क्रोसिन न घेतल्याने डोकं दुखत होतं असं म्हणतो का आपण?

नीट केलेला प्रयोग हवा असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा बघा, २०१६ मध्ये छापून आला. तीन ते पाच वर्षांची १४ ऑटिस्टिक मुलं. आधी सगळ्यांचं दूध आणि गहू बंद, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मग आठवड्यातून एकदा खाऊ द्यायचा, कधी त्यात दुधातलं प्रोटीन, कधी गव्हातलं, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. आज कशात काय आहे हे आईबापांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. झोप, पोट, वागणं सगळं नोंदवलं. फरक शून्य. १४ मुलं म्हणजे कमीच की, असं म्हणाल, कबूल आहे. पण मग ३६ आणि २० वर अख्खा बोर्ड लावणाऱ्यांना पण तेच विचारा.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. एखाद्या मुलाला खरोखर दुधाची ॲलर्जी असेल किंवा दूध पचत नसेल तर पोट दुखणार, पोर चिडणार, बोलता येत नसेल तर डोकं आपटणार, आणि दूध बंद केल्यावर शांत होणार. ते पोट बरं झालेलं असतं. तपासून घ्या, डॉक्टर सांगतील तर जरूर बंद करा.

पण नुकसान काय होतं ते फॉरवर्डवाल्यांना माहीतच नाही. अशा कितीतरी मुलांचं खाणं मोजकं असतं. आमचा पठ्ठ्या पाच गोष्टी खायचा. दूध-पोळी कुस्करून, दहीभात, दुधात बुडवलेलं बिस्किट, केळं आणि एका ठरावीक दुकानाचीच शेव. त्यातल्या तीन ताईने एका मेसेजवर काढून टाकल्या. बदामाचं दूध आणलं, लिटरला अडीचशे-तीनशे रुपये, त्याने वास घेतला आणि ग्लास ढकलला. रात्र रात्र झोप नाही, वजन उतरलं. आणि हाडांचं तर वेगळंच. २००८ मध्ये अमेरिकेत ऑटिस्टिक मुलग्यांच्या हाताचे एक्स-रे तपासले होते, त्यांची हाडं आधीच अपेक्षेपेक्षा पातळ निघाली, आणि जी मुलं दूध बंद केलेल्या डाएटवर होती त्यांची अजूनच पातळ. अशी मुलं त्यात थोडीच होती, पण आईला घाबरवायला तुम्हाला तेवढंही लागलं नव्हतं.

मुद्दा २: "दुधात अफू असते." केसीन म्हणजे दुधातलं प्रोटीन पचताना अफूसारखे तुकडे बनू शकतात, हा यातला खरा धागा. ऑटिस्टिक मुलांच्या लघवीत ते सापडतात असा दावा होता. ब्रिटनमध्ये ६५ ऑटिस्टिक मुलग्यांची लघवी तपासली, सापडले नाहीत. संपला विषय.

मुद्दा ३: "दुधात पू असतो." त्या पेशी असतात, बऱ्याचशा पांढऱ्या पेशी, आईच्या दुधात पण असतात. कासदाह म्हणजे कासेला सूज आली की वाढतात, म्हणून तर शेतकरी त्या जनावराचं दूध बाजूला काढतो. निदान काढायला पाहिजे.

मुद्दा ४: "डब्ल्यूएचओ म्हणते भेसळीच्या दुधाने २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार." २०२५ येऊन गेलं हो! मोजा आपल्या बिल्डिंगमधले. डब्ल्यूएचओने असं काही म्हटलेलंच नाही, सरकारने तेव्हाच खुलासा केला होता. भेसळ होते हे खरं, पण हा आकडा बनावट.

मुद्दा ५: "दुसऱ्याचं दूध पिणारा माणूस एकटाच प्राणी." फॉरवर्ड करणारा पण एकटाच. पुढे.

मुद्दा ६: "वासराच्या तोंडचा घास." इथे मात्र मी गप्प बसतो, कारण आमच्या मामाच्या गोठ्यात मी बघितलंय. एचएफ म्हणजे विदेशी होल्स्टीन जातीच्या गायीला गोऱ्हा झाला की कुणाचं तोंड उजळत नाही, म्हशीच्या रेडकाला तर चार धारा मिळाल्या तरी नशीब. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्ह्याला गिऱ्हाईकही नाही, मग रात्री कुठेतरी सोडून देतात. यावर बोर्ड लावा, मी येतो शिडी धरायला. पण ते लिहिलंय सहाव्या नंबरला, दोन ओळीत. वासराची गोष्ट कुणी वाचत नाही म्हणून वर ऑटिझम चिकटवलाय.

डॉक्टरांशी बोलून ताईने दूध परत सुरू केलं. दहीभात खातो आता. दूध-पोळीची वाटी मात्र समोर ठेवली की बाजूला सरकवतो. थेरपिस्ट म्हणाली, अशा मुलांचा एक पदार्थ सुटला की परत लागेलच असं नसतं, रोज नुसती ठेवत जा. ताई रोज ठेवतेय.